एका चोराचे तीन अवतार

राजाची गोष्ट आणि चोराची गोष्ट या दोन्ही माणसाला फार पूर्वीपासून आवडत आल्या आहेत. राजाच्या गोष्टीत ऐश्वर्य असते, तर चोराच्या गोष्टीत युक्ती असते. आणि ऐकणारा स्वतः सुरक्षित असल्यामुळे त्या युक्तीचे कौतुक करण्यास त्याला काही मोल पडत नाही. शूद्रक या प्राचीन नाटककाराच्या 'मृच्छकटिक' नाटकात शर्विलक नावाचा चोर भिंतीला भोक पाडण्यापूर्वी ते कोणत्या आकाराचे असले म्हणजे शोभून दिसेल, याचा विचार करू लागतो. प्रेक्षक हसतात. ती भिंत ज्याच्या घराची आहे, त्या चारुदत्ताचा त्या क्षणी सर्वांना विसर पडतो.

हा विसर कसा पडतो, आणि तो कोण पाडतो? या प्रश्नाभोवती गुंफलेले एक नाटक मराठी रंगभूमीवर सन 1978 मध्ये आले. त्याचे नाव 'तीन पैशाचा तमाशा'. ते पु. ल. देशपांडे यांनी लिहिले, आणि पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. या नाटकाचा नायक अंकुश हा एक अट्टल गुन्हेगार आहे. परंतु अंकुशाचा जन्म महाराष्ट्रातला नव्हे. तो प्रथम लंडनमध्ये जन्मला, दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये पुन्हा अवतरला आणि त्यानंतर आणखी पन्नास वर्षांनी पुण्यात आला. त्याची ही जन्मकथा मोठी उद्बोधक आहे.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडन शहर झपाट्याने वाढत होते. इंग्रजी भाषेतील पहिले दैनिक वर्तमानपत्र सन 1702 मध्ये त्याच शहरात निघाले होते. व्यापार वाढला, त्याबरोबर चोऱ्याही वाढल्या. परंतु चोर पकडण्यासाठी आजच्यासारखे पोलीसखाते तेव्हा नव्हते. या उणिवेचा लाभ जोनाथन वाइल्ड नावाच्या एका धूर्त मनुष्याने घेतला. चोरांच्या टोळ्या त्याच्या हाताखाली असत. चोरीचा माल त्याच्या ताब्यात आला, की तो वर्तमानपत्रात जाहिरात देई. अमुक वस्तू सापडली आहे, मालकाने येऊन बक्षीस द्यावे आणि ती घेऊन जावी, असा तिचा आशय असे. बिचारा मालक पैसे देऊन आपलीच वस्तू विकत घेई आणि वर वाइल्डचे आभार मानी! जो चोर वाइल्डचे ऐकत नसे, त्याला तो स्वतःच पकडून न्यायालयापुढे उभा करी आणि त्याबद्दल सरकारकडून इनाम मिळवी. 'चोरावर मोर' ही म्हण याच्याइतकी कोणाला शोभली नसेल. लोक मात्र त्याला शहराचा रक्षक समजत.

वाइल्डपुढे मान न तुकवणारा एक तरुण होता. त्याचे नाव जॅक शेपर्ड. तो सुताराचा उमेदवार होता. पुढे चोऱ्या करू लागला. सन 1724 या एकाच वर्षात तो तुरुंगातून चार वेळा निसटला. अखेरच्या वेळी तर न्यूगेटच्या प्रसिद्ध तुरुंगात त्याला बेड्या घालून जमिनीला जखडून ठेवले होते. तरीही धुराड्याचा मार्ग फोडून, एकामागून एक बंद दारे उघडून तो छपरावर पोहोचला आणि तेथून पांघरुणाच्या आधाराने खाली उतरला. ही वार्ता पसरताच सारे लंडन त्याच्याविषयी बोलू लागले. तो पुन्हा पकडला गेला, तेव्हा त्याला पाहण्यासाठी श्रीमंत लोक तुरुंगाधिकाऱ्यांना पैसे मोजू लागले. एका नामवंत चित्रकाराने त्याचे चित्र काढले. 16 नोव्हेंबर 1724 रोजी बावीस वर्षांच्या या तरुणाला फाशी देण्यात आले, तेव्हा रस्त्यांवर प्रचंड गर्दी लोटली होती, आणि त्या गर्दीत त्याच्या आयुष्याची छापील पुस्तिका हातोहात खपत होती. पंधरवडा उलटण्यापूर्वीच लंडनच्या एका नाट्यगृहात त्याच्या पलायनावरील खेळही सुरू झाला. पुढील वर्षी वाइल्डचे बिंग फुटले आणि तोही फाशी गेला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शेपर्डने चोऱ्या केल्या त्या स्वतःच्या पोटासाठी व चैनीसाठी. परंतु त्याच्या नावावर पुस्तिका विकणारे, चित्रे विकणारे, तुरुंगाचे दार उघडून पैसे घेणारे आणि नाटकाची तिकिटे विकणारे हे सर्व जण कायद्याने निर्दोष होते. एका मनुष्याच्या अपराधावर व मरणावर अनेकांचा बाजार भरला होता, आणि त्या बाजाराचे गिऱ्हाईक होते सामान्य नागरिक.

हे सारे जॉन गे नावाचा कवी पाहत होता. 29 जानेवारी 1728 रोजी त्याचे 'भिकाऱ्याचा ऑपेरा' या अर्थाच्या नावाचे संगीत नाटक लंडनमध्ये सुरू झाले. त्या काळी श्रीमंत लोक इटालियन ऑपेरा ऐकत असत. त्यात देव, राजे आणि वीर पुरुष लांबलचक पदे गात. गेने तोच थाट घेतला, परंतु पदे गायला लावली चोरांना व तुरुंगाधिकाऱ्यांना. आणि चाली घेतल्या रस्त्यावरच्या, सर्वांच्या तोंडी असलेल्या. त्यातील पीचम हे पात्र वाइल्डवरून सुचलेले होते, तर मॅकहीथ हा देखणा दरोडेखोर होता. चोर आणि मंत्री यांची रीत एकच आहे, असे नाटक हसत हसत सुचवीत होते. प्रधानमंत्री वॉलपोल याला हा टोला चांगलाच लागला. नाटकाचे ओळीने बासष्ट प्रयोग झाले. त्या काळी ही फार मोठी संख्या होती. मात्र गेने लिहिलेल्या पुढच्या भागावर सन 1728 च्या अखेरीस बंदी आली. सत्ताधाऱ्यांना शस्त्राइतकेच हसण्याचेही भय वाटते, याचा अनुभव आपल्या देशालाही आहे. 'केसरी'शी निकटचा संबंध असलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' या नाटकावर इंग्रज सरकारने सन 1910 मध्ये अशीच बंदी घातली होती.

दोनशे वर्षे लोटली. पहिले महायुद्ध संपले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांच्या वस्त्यांतून जॅझ नावाचे नवे संगीत निघून जगभर पसरले होते. त्याचा ठेका चंचल, स्वर झणझणीत, आणि वादक वाजवता वाजवता नव्या जागा घेणारा. शहरे विजेच्या दिव्यांनी उजळली होती. वर्तमानपत्रांचे खप लाखांवर गेले होते. आणि खप वाढवण्याचा सोपा उपाय म्हणून गुन्ह्यांच्या बातम्या ठळक अक्षरांत छापल्या जात होत्या.

अमेरिकेतील शिकागो शहरात मॉरीन वॉटकिन्स नावाची एक तरुण बातमीदार सन 1924 मध्ये न्यायालयातील खटल्यांचे वृत्त लिहीत असे. खुनाचा आरोप असलेल्या दोन स्त्रियांचे खटले तेव्हा गाजत होते. वर्तमानपत्रांतून त्यांच्या रूपाची व पोशाखाची वर्णने येत. मेलेल्या मनुष्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नसे. दोघीही निर्दोष सुटल्या. त्यानंतर वॉटकिन्सने या साऱ्या प्रकारावर 'शिकागो' नावाचे एक बोचरे नाटक लिहिले. खुनाची आरोपी स्त्री, तिचा चतुर वकील आणि भुकेलेले बातमीदार मिळून न्यायाचा कसा खेळ करतात, हे तिने त्यात दाखवले. सन 1926 च्या अखेरीस ते न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. पुढे त्याचे संगीत नाटक करण्याची परवानगी तिच्याकडे मागण्यात आली, परंतु तिने ती दिली नाही. तिच्या मृत्यूनंतर, सन 1975 मध्ये, ते संगीत नाटक झाले आणि जगभर गाजले. ज्या प्रसिद्धीची त्यात थट्टा होती, तीच प्रसिद्धी अखेर त्याच्याही वाट्याला आली.

त्याच सुमारास जर्मनीतील बर्लिन शहरात एलिझाबेथ हाउप्टमान या विदुषीने जॉन गेच्या जुन्या नाटकाचा जर्मन अनुवाद केला. तो वाचून बेर्टोल्ट ब्रेश्त या तरुण नाटककाराने नवे नाटक रचले, आणि कुर्ट वाइल या संगीतकाराने त्याला जॅझच्या वळणाचे संगीत दिले. 'तीन ग्रोशेनचा ऑपेरा' हे त्याचे नाव. ग्रोशेन हे एक क्षुल्लक नाणे; भिकाऱ्यालाही परवडेल असा ऑपेरा, हा त्यातील भाव. 31 ऑगस्ट 1928 रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला.

या नाटकाचा आरंभ एका रस्त्यावरच्या गायकाने होतो. युरोपात पूर्वी जत्राजत्रांतून असे गायक फिरत. ते एका फळ्यावर खुनाच्या प्रसंगांची चित्रे टांगत, काठीने एकेक चित्र दाखवीत त्याची कथा गात, आणि शेवटी त्या कथेची छापील पाने विकत. आपल्याकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथीही चित्रे पुढे धरून कथा गातात. परंतु त्यांच्या चित्रांत राम, सीता, भीम, अर्जुन असतात. युरोपातल्या फळ्यावर खुनी असे. वर्तमानपत्र ज्याच्या हाती पोहोचत नव्हते, त्याच्यासाठी तो फळा हेच वर्तमानपत्र होते. ब्रेश्तच्या नाटकात असा गायक मॅकहीथच्या अपराधांचा पाढा वाचतो, आणि तो ज्या चालीवर वाचतो, ती चाल इतकी गोड आहे की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरतो. पुढे अमेरिकेत या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका अमाप खपल्या. सन 1959 मध्ये बॉबी डॅरिन या गायकाची ध्वनिमुद्रिका तेथील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती. खुनांची यादी नाचण्याचे गाणे झाली. ब्रेश्तला जे दाखवायचे होते, त्याचा याहून चांगला पुरावा कोणता असेल?

नाटकातील पीचम आता चोरीचा माल घेत नाही. तो भिकाऱ्यांची पेढी चालवतो. कोणाला फाटके कपडे, कोणाला कुबडी, कोणाला खोटी जखम देऊन तो त्यांना नेमून दिलेल्या भागात बसवतो आणि त्यांच्या मिळकतीतला मोठा वाटा स्वतः घेतो. दया हा त्याचा कच्चा माल आहे. त्याची मुलगी पॉली हिच्याशी मॅकहीथ चोरून विवाह करतो, तेव्हा पीचम संतापतो. परंतु मॅकहीथला पकडायचे कोणी? पोलिसांचा मुख्य अधिकारीच त्याचा जुना मित्र असतो. तेव्हा पीचम एक धमकी देतो: मॅकहीथला फाशी झाली नाही, तर राणीच्या राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत शहरातील सारे भिकारी आणून उभे करीन. राज्याच्या वैभवाला आपल्याच प्रजेच्या दारिद्र्याचे दर्शन सहन होणार नाही, हे तो ओळखून असतो. मॅकहीथ पकडला जातो आणि वधस्तंभापाशी आणला जातो. एवढ्यात घोड्यावरून राजदूत येतो आणि त्याला नुसती क्षमाच नव्हे, तर सरदारकी आणि वार्षिक तनखाही बहाल करतो! असे दूत नाटकातच येतात, खऱ्या आयुष्यात गरिबाला वाचवायला ते क्वचित येतात, हे प्रेक्षकाच्या ध्यानात आणून देऊन नाटक संपते.

हे नाटक पाच वर्षांत अठरा भाषांत गेले. परंतु सन 1933 मध्ये हिटलरची सत्ता येताच जर्मनीत त्यावर बंदी आली. ब्रेश्त आणि वाइल या दोघांनाही देश सोडावा लागला.

ब्रेश्तचा नाटकाविषयीचा विचार निराळा होता. प्रेक्षकाने रंगमंचावरील कथेत हरवून जाऊ नये, तर जागे राहून विचार करावा, असे त्याला वाटे. म्हणून त्याच्या नाटकात पात्रे मध्येच थांबून गाणे म्हणतात, थेट प्रेक्षकांकडे पाहून बोलतात. पुढे काय घडणार हे फलकावर आधीच लिहून ठेवलेले असते. युरोपच्या रंगभूमीला ही रीत नवी वाटली. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना मात्र ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. तमाशात प्रथम गण होतो. त्यात गणपतीला वंदन असते. मग गौळण येते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात. त्यानंतर बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य कथानाट्य. या वगात राजा आणि प्रधान रंगात आले असतानाच सोंगाड्या मध्ये शिरतो, प्रेक्षकांकडे वळून गावातल्याच एखाद्या गोष्टीवर कोटी करतो, आणि राजाचा डामडौल क्षणात उतरवतो. हसता हसता प्रेक्षक जागा होतो. जी गोष्ट ब्रेश्तने विचारपूर्वक शोधली, ती तमाशाच्या फडात परंपरेने चालत आली होती.

पु. ल. देशपांडे यांनी हा दुवा अचूक हेरला. त्यांनी 'ऑपेरा' शब्दाचे भाषांतर केले नाही. त्याच्या जागी तमाशा ठेवला. मराठीत 'तमाशा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ लोकनाट्य, आणि दुसरा अर्थ चारचौघांत झालेली शोभा. नाटकाच्या नावात हे दोन्ही अर्थ एकदम वाजतात. संगीताच्या बाबतीतही त्यांनी एकच वाट धरली नाही. नाट्यपदांची ढब, लावणीचा ठसका आणि पाश्चात्त्य संगीताचा जोश हे सारे त्यात एकत्र आले. अंकुशाची भूमिका नंदू भेंडे या तरुण गायकाने केली. पाश्चात्त्य वळणाच्या गाण्यासाठी तो मुंबईत आधीच प्रसिद्ध होता. माधुरी पुरंदरे यांचे गायनही रसिकांच्या लक्षात राहिले. किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून, म्हणजे सन 1880 पासून, मराठी माणूस संगीत नाटकावर लुब्ध होता. गेने ज्याप्रमाणे ऑपेराच्या थाटात चोरांना गायला लावले, त्याप्रमाणे पु. लं.नी मराठी प्रेक्षकाच्या आवडत्या सुरांतच त्याला अडचणीचे प्रश्न विचारले.

ते प्रश्न कोणते? एक मनुष्य सुरा दाखवून लुटतो आणि दुसरा नियमाच्या आडून लुटतो. या दोघांत थोर कोण? चोर सोडून संन्याशाला सुळी दिली जाते, तेव्हा दोष सुळी देणाऱ्याचा, की मुकाट्याने पाहत राहणाऱ्याचा? आणि ज्या गुन्हेगाराला लोक नावे ठेवतात, त्याच्याच कथा ऐकण्यासाठी ते पैसे का मोजतात?

यावर एखादा वाचक म्हणेल, की कायदा मोडणाऱ्याची कीर्ती गाऊ नये, हेच खरे. परंतु प्रश्न इतका सोपा नाही. कर्जत तालुक्यातील कळंब, नेरळ, माथेरान या परिसरात भाई कोतवाल हे नाव आजही आदराने घेतले जाते. माथेरानला जन्मलेल्या या वकिलाने गरीब शेतकरी व आदिवासी यांच्यासाठी शाळा काढल्या, धान्यकोठी चालवली. सन 1942 च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारची यंत्रणा खिळखिळी केली. इंग्रज सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार होते. त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले होते. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील हुतात्मा झाले. शेपर्डवरही बक्षीस होते आणि कोतवालांवरही होते. शेपर्डने मिळवले ते स्वतःसाठी. कोतवालांनी गमावले ते इतरांसाठी. सरकारी जाहीरनाम्यावरून हा भेद कळत नाही. वर्तमानपत्रातील ठळक मथळ्यावरूनही कळत नाही. तो ज्याचा त्याने विचार करून ओळखावा लागतो.

प्रसिद्धी आणि कीर्ती हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्यांत अंतर आहे. प्रसिद्धी एका दिवसात मिळते. ती पुस्तिका विकणारा देतो, मथळा छापणारा देतो, गर्दी करणारा देतो. कीर्ती मात्र मनुष्याच्या कृत्यातून उगवते आणि त्याच्या मागे उरते. शेपर्डला प्रसिद्धी देणारे लोक दुष्ट नव्हते. त्यांनी फक्त आपले तीन पैसे कोठे खर्च करावेत याचा विचार केला नव्हता. आता जॉन गेचे लंडन राहिले नाही, ब्रेश्तचे बर्लिन राहिले नाही, तीन पैशांना काही मिळतही नाही. परंतु गुन्ह्याची बातमी आजही सर्वांत आधी वाचली जाते, आजही ती पुनःपुन्हा दाखवली जाते, आणि ज्याच्यावर तो अपराध घडला त्याचे नाव आजही लवकर विसरले जाते. म्हणून चोराची गोष्ट जरूर ऐकावी, तिच्यातील युक्तीला हसावेही. मात्र ऐकून झाल्यावर ती भिंत कोणाच्या घराची होती, हे एकदा विचारावे.